सात नंबरची ओळ

हरितगृहाचं दार सरकवलं आणि ताकाचा वास आला. चांगल्या आंबलेल्या, शिळ्या ताकाचा. गुलाबांच्या घरात गुलाबाचा वास येत नाही हे एव्हाना माझ्या अंगवळणी पडलं होतं, कारण बाजारात जाणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांना वास जवळपास नसतोच. पण ताक म्हणजे कहर होता. मी दारातच थांबले. आत हौसाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ द्रुपदा, दोघी वाफ्यावर वाकून तण काढत होत्या. इतकं मन लावून तण काढताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हौसाबाई, ताक कुठं सांडलं?"

"ताक? न्हाई वो." त्यांनी मान वर केली नाही. "द्रुपदीच्या डब्यातलं आसंल. ह्या बाईला झाकान लावायचं म्हनून ठावं न्हाई."

द्रुपदानं खाली घातलेली मान आणखी खाली घातली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हसू दाबत होती, एवढं मला कळलं. पण माझ्या हातात मोजपट्टी होती, धुकं निवळायच्या आत दांडे मोजून व्हायचे होते, आणि डबा सांडणं हा काही गुन्हा नव्हे. मी विषय सोडून दिला.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. पाचगणीच्या मागच्या अंगाला, जिथं चढण संपून पठार लागतं तिथं करंजटेप नावाची वाडी आहे, आणि वाडीच्या वरच्या बाजूला आमच्या संस्थेचं फुलशेतीचं लहानसं केंद्र होतं. मी तिथं सहायक म्हणून नुकतीच लागले होते. मी बार्शीची, उन्हात वाढलेली. इथं दिवाळी झाली की सकाळी सूर्य दिसायची मारामार. मी दोन स्वेटर, कानटोपी आणि वरून शाल अशा थाटात हिंडायची. हौसाबाई मला तोंडावर म्याडम म्हणायच्या आणि मागं 'गाठोडं' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि त्यांनाही मला ठाऊक असल्याचं ठाऊक होतं.

हरितगृह त्या भागात पहिलंच. तिकडं प्लास्टिकला कागद म्हणतात, त्यामुळं वाडीच्या लेखी ते 'कागदाचं घर'. आत बारा ओळी, बारा जातींचे गुलाब. बरेचसे परदेशातून आलेले, थोडे आपल्याकडचे. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पत्र्याची पाटी आणि पाटीवर फक्त नंबर. कुठल्या नंबराला कुठली जात, हे संस्थेच्या पुण्याच्या कचेरीतल्या सबनीस बाई सोडून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रोपांवर नंबर टाकून त्यांनीच ती पाठवली होती. मोठं नाव ऐकलं की मोजणाऱ्याची पट्टी आपोआप ताणली जाते, असं आमचे हेरवाडकर सर म्हणायचे.

आमचं काम सांगायला सोपं होतं. या थंडीत, या धुक्यात कुठला गुलाब नांदेल ते शोधायचं. दांडा किती लांब येतो, कळी केवढी भरते, फूल पाण्यात ठेवलं की मान टाकतं की ताठ राहतं, हे सगळं पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भुरी. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी येते, ती भुरी. थंडी आणि ओल एकत्र आली की ती आलीच. म्हणून त्या हिवाळ्यात कुठल्याही ओळीला कसलंही औषध मारायचं नाही असं ठरलं होतं. कोण तग धरतं आणि कोण लोळण घेतं ते बघायचं, आणि फेब्रुवारीअखेर एखाददुसरी जात निवडून राजाराम रांजण्यांच्या गटाला सांगायची. रांजणे आणि आणखी काही शेतकरी आपापल्या वाडीत अशी कागदाची घरं उभारून आमच्या शब्दाची वाट पाहत बसले होते.

त्या बारांत एक गुलाब सरांचा होता.

विश्वनाथ हेरवाडकर केंद्राचे प्रमुख. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात बाराही महिने मफलर. बोलणं मोजकं. कुणाला अरे-तुरे करायचे नाहीत, माळ्याला नाही आणि कुत्र्यालाही नाही. त्यांनी उमेदीच्या काळात दोन गुलाबांचा संकर करून एक नवा गुलाब तयार केला होता. आयुष्यभरात एकच. खाली सपाटीवर तो दोनदा चाचणीला लावला गेला आणि दोन्ही वेळा उन्हानं त्याच्या पाकळ्या करपल्या. डोंगरावर त्याला पहिल्यांदाच संधी मिळत होती, आणि ती शेवटचीही होती, कारण फेब्रुवारी संपला की सर निवृत्त होणार होते. या खेपेला तो निवडला गेला नाही तर त्याची रोपं सांभाळणार कोण? पुण्याला जागा कमीच पडत होती. उपटून टाकली असती आणि तो गुलाब या जगातून गेला असता. त्याला अजून नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

हे सगळं करंजटेपला प्रत्येकाला माहीत होतं. फक्त तो बारांतला कितवा, हे माहीत नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, तुम्हाला तरी ओळखू येतच असेल की."

"न ओळखणं हेच इथलं काम आहे, वैजयंती," असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले होते.

पण माणूस कितीही मिठाची गुळणी धरून बसला तरी त्याचे पाय बोलतात. सर रोज सकाळी हात पाठीमागं बांधून सगळ्या ओळींतून एक फेरी मारायचे. कशाला हात लावायचे नाहीत. एकेका ओळीपाशी जरा थांबायचे आणि पुढं सरकायचे. फक्त सात नंबरपाशी मात्र त्यांचा पाय अडायचा. तिथं चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे, मफलर सारखा करायचे, आणि बराच वेळ नुसते उभे राहायचे. सात नंबर त्यातल्या त्यात किडकिडीत, सदा आजारी. आम्ही काय ओळखायचं ते ओळखलं. आम्ही म्हणजे हौसाबाई, द्रुपदा, आणि हो, मीसुद्धा. आपापसांत त्यावर अवाक्षर न काढता आम्हा तिघींचं एकमत झालं होतं.

तर ताकाच्या त्या सकाळनंतर थोड्याच दिवसांत भुरीनं उचल खाल्ली. ओळीच्या ओळी पांढऱ्या पडायला लागल्या. रोज नवं पान, नवी कळी. आणि सात नंबर, ज्याला खरं तर सगळ्यांत आधी झोपायला हवं होतं, तो हिरवागार. पानं अशी तुकतुकीत, की जणू कुणी पुसून ठेवली आहेत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मापं घेताना मी चक्क गुणगुणत होते. मग एका पानावर ओणवी झाले आणि गुणगुणणं थांबलं. पानाला ताकाचा वास येत होता.

विचारून उपयोग नव्हता. दोघी जावा तरबेज होत्या, ताकाला तूर लागू दिली नसती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. सात नंबरच्या ओळीत हौसाबाई उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी ताकाची चरवी, हातात जुन्या लुगड्याचा बोळा. द्रुपदा एकेक फांदी हलकेच वाकवून धरत होती आणि हौसाबाई एकेक पान दोन्ही अंगांनी पुसत होत्या. आजारी माणसाचं अंग पुसावं तशा.

मला पाहून द्रुपदा दचकली. हौसाबाईंनी हातातलं पान पुसून पुरं केलं आणि मगच मान वळवली.

"म्याडम, तुमी काय बगितलं न्हाई."

"मी सगळं बघितलंय. काय चाललंय हे?"

"औशिद मारायचं न्हाई म्हनून तुमीच सांगितलं. मारलं का आमी? ताक कुटं औशिद आस्तंय? मानसं पित्यात ते."

मी भडकले. मी तिथं उभी राहून त्यांना चाचणी म्हणजे काय, सगळ्या ओळींना सारखं वागवणं म्हणजे काय, एका ओळीचे लाड केले तर बाकीच्या अकरांचं काय होतं, हे सगळं झाडून सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं. मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. नुसतं ताक नव्हतं. संध्याकाळी गार वारा सुटायच्या आत हरितगृहाच्या बाजूचे पडदे खाली सोडायचे असतात. त्या दोघी सातच्या बाजूचा पडदा सगळ्यांच्या आधी सोडायच्या आणि दाराकडचा सगळ्यांत शेवटी. भुरीचं एखादं पान दिसलं की लगेच खुडून पदरात टाकायच्या. आणि हे सगळं आधीपासून चाललेलं होतं.

"पण कशासाठी हौसाबाई?" माझा आवाज एव्हाना खाली आला होता.

"सर जात्यात आता," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाला वाईला दवाखान्यात त्येंनी सोता जीपगाडीत घालून न्हेलं, रातभर भाईर बाकड्यावर बसून ऱ्हायलं. त्येंचं झाड आमच्या डोळ्यांम्होरं मरू द्यायचं व्हय? त्येला पैली भुरी आली त्या दिशी सर किती येळ हुबं व्हतं, तुमीबी बगितलंय न्हवं."

मी बघितलं होतं. चरवी उचलून न्या आणि परत आणू नका, एवढंच म्हटलं आणि बाहेर आले.

त्यानंतर मी दोन दिवस गप्प बसले. हे दोन दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. मी गप्पच राहिले तर सात नंबर पहिला येणार, सरांचा गुलाब जगणार, सर समाधानानं घरी जाणार आणि कुणाला काही कळणार नाही. आणि मग रांजणे आणि त्यांचे सोबती तीच रोपं आपल्या घरात लावणार. पानं पुसायला रोज सकाळी चरवी घेऊन बसणारी बाई काही रोपांबरोबर देता येत नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं घर पांढरं पडलं असतं. मला जेवण गोड लागेना. मी हौसाबाईंवर चिडले, स्वतःवर चिडले, आणि सगळ्यांत जास्त त्या किडकिडीत सात नंबरवर चिडले. मग उठले आणि सरांकडे गेले.

सर बाटल्यांच्या खोलीत होते. उत्तरेकडे खिडकी असलेली ती लांबट खोली. टेबलावर ओळीनं बाटल्या, बाटलीत फूल, बाटलीवर नंबर. कुठलं फूल किती टिकतं ते तिथं बघायचं. मी दाराशी उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झालं तेव्हा चष्मा काढला.

"ताक?"

"हो सर."

"आंबट होतं का?"

ही थट्टा आहे की काय मला कळेना. ते खरोखरच विचारत होते. "बरंच आंबट असणार," मी म्हटलं.

"गुण येत असेल मग," असं पुटपुटून ते टेबलापाशी गेले, सात नंबरची बाटली उचलली आणि बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. "सातचे या हिवाळ्यातले आकडे धरायचे नाहीत. एकही नाही."

"पण सर, तो तुमचा..."

"तो सात नंबर आहे," सर म्हणाले. "एवढंच."

आवाजात ना राग, ना दुःख. चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस आपल्या हातानं आपला एकुलता एक गुलाब मोडीत काढतो आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही, याचं मला कौतुकही वाटलं आणि रागही आला. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मी बाटल्यांमधलं पाणी बदलायला घेतलं.

"ते सकाळीच बदललंय," सर म्हणाले. आणि मी दाराशी पोचले तेव्हा, "बायकांना बोलू नका."

बोलायची गरजच पडली नाही. सात नंबर बाद झाला एवढं कळताच हौसाबाई वाफ्याच्या कडेवर मटकन खाली बसल्या. "म्हंजी आमीच मारला म्हना की त्येला." मग उठल्या, हात धुतले, पदर सारखा केला आणि सरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलणं झालं ते मला त्यांनीच येऊन सांगितलं. सर म्हणाले, भुरीवर ताक चालतं का ते पुढं कधीतरी वेगळं लावून बघायला हवं, पण आत्ता पलीकडच्या वाफ्यातली निंदणी राहिली आहे. बस्स, एवढंच.

"ओरडलं आस्तं तर बरं वाटलं आस्तं," हौसाबाई म्हणाल्या.

पुढचे दिवस फार जड गेले. दोघी जावांनी धसकाच घेतला. वाळकं पान काढायचं म्हटलं तरी आधी मला विचारायच्या. ताक बंद झाल्यावर सात नंबरनं बघता बघता अंथरूण धरलं. पानं आखडली, कळ्या माना टाकायला लागल्या. आणि सर? सर रोज सकाळी तसेच सात नंबरपाशी थांबत होते. तसाच चष्मा पुसत होते, तसाच मफलर सारखा करत होते. ते तिथं थांबले की द्रुपदा काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची. तिला बघवायचं नाही. मी पट्टीवर डोळे लावून बसायचे. उरलेल्या ओळींची मापं मी त्या काळात डोळ्यांत तेल घालून घेतली, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सबनीस बाई पुण्याहून जीपनं आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, आणि घाट लागल्यामुळं चेहरा लिंबासारखा पिवळा झालेल्या. आल्या आल्या त्यांनी लिंबाचं सरबत मागितलं आणि ते पिऊन होईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. रांजणे आपल्या गटातल्या चार-सहा जणांना घेऊन आले होते. सगळे मिळून ओळींमधून हिंडले. रांजणे गडी जाणता. कळी दोन बोटांत धरून दाबून बघायचे, दांडा हलवून बघायचे, पान उलटं करून नखानं खरवडायचे. हौसाबाई आणि द्रुपदा दाराशी अंग चोरून उभ्या होत्या.

मग मी आकडे सांगितले. अकरा नंबरचा दांडा सगळ्यांत लांब आणि भुरी बेताची. चार नंबरचा दांडा मध्यम, पण भुरीला तो जवळपास दाद देत नव्हता, आणि बाटलीत त्याचं फूल बाकी सगळी मान टाकून मोकळी झाल्यावरही ताठ उभं होतं. चार नंबरची ओळ दाराला लागून होती. येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर गार वारा पहिला तिथं शिरायचा. बायका आपल्या घोंगड्या आणि भाकरीची गाठोडी त्याच ओळीच्या खांबाला अडकवायच्या. त्या ओळीकडं कुणाचं कधी विशेष लक्षच गेलं नव्हतं.

"आमच्याकडं धुकं हितल्यापरीस जास्ती," रांजणे म्हणाले. "आमाला चार आन अकरा, दोन्ही द्या. पर चार आदी."

सर म्हणाले, ठीक आहे. सबनीस बाई म्हणाल्या, मग आता नावं सांगून टाकते. मला खरं तर तिथून निघून जावंसं वाटत होतं. सात नंबरचं नाव निघणार, सगळे सरांकडं बघणार आणि सर मफलर सारखा करणार, हे मला पाहायचं नव्हतं.

"अकरा हॉलंडचा," सबनीस बाई म्हणाल्या. मग त्या सरांकडं वळल्या आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम मऊ झाला. "आणि चार आपल्या हेरवाडकरांचा."

मला आधी समजलंच नाही. शब्द कानात शिरले, पण अर्थ यायला वेळ लागला. दाराशी द्रुपदानं हौसाबाईंचा दंड धरला होता.

"आणि सात?" मी विचारलं. जरा मोठ्यानंच विचारलं गेलं.

"सात? तो फ्रान्सचा. तिकडं म्हणे फार नावाजलेला आहे. इथं का असा बसलाय बिचारा?"

म्हणजे इतके दिवस दोघी जावांनी ताकानं अंग पुसून, पडदा ओढून, लाडाकोडात सांभाळलं ते कुठल्याशा फ्रेंच पाहुण्याला. आणि घरचं लेकरू दारात वाऱ्यावर. मला हसू फुटलं. ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी शालीत तोंड खुपसलं. इतका निखळ आनंद मला नोकरीत पुन्हा कधी झाल्याचं आठवत नाही. रांजण्यांना काय झालं ते कळेना, मग द्रुपदानंच त्यांना सगळी कथा सांगितली, अगदी चरवीसकट.

"पण सर," मी शालीतून तोंड काढून म्हटलं, "आम्ही इथं इतके दिवस झुरत होतो. तुम्ही एका शब्दानं सांगायचं तरी, की सात तुमचा नाही."

"सांगितलं असतं तर ताक चार नंबरला गेलं असतं," सर म्हणाले.

यावर सबनीस बाईसुद्धा हसल्या. हौसाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या दारातून चालत पुढं आल्या, चार नंबरच्या खांबावरची आपली घोंगडी काढून काखेत घेतली आणि सरांसमोर उभ्या राहिल्या.

"आमी त्येला वाऱ्यात ठिवला, सर. ह्या बाजूचा पडदा आमी रोज उशिरा सोडला."

"म्हणून तर कळलं तो किती सोसतो ते."

"ते ऱ्हाऊ द्या. एक सांगा. तुमी तर तुमचं झाड वळकलं आसनार. बापाला वळकू येतंयच. मग तुमी रोज सातापशी का हुबं ऱ्हायचा?"

सर गडबडले. मी त्यांना गडबडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. हात मफलरकडं गेला, मग चष्म्याकडं गेला, मग दोन्ही हात पाठीमागं गेले.

"तिथून चार नंबर नीट दिसतो," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच होतं. सातच्या तोंडाशी मधली वाट जरा रुंद होती, आणि तिथं उभं राहिलं की तिरक्या रेषेत, दाराच्या उजेडात, चारची सगळी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. आम्ही इतके दिवस सरांचे पाय बघितले होते. नजर कुठं जाते ते कुणीच बघितलं नव्हतं.

हौसाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आवो, दुसऱ्या कुनाला न्हाई तरी मला कळाय पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच सांगत होत्या, पण बघत सरांकडं होत्या. "आमचा थोरला झाला तवा ह्येंनी त्येला दोन वरसं मामंजींच्या म्होरं हात लावला न्हाई. वडीलधाऱ्यांदेखत आपलं पोर कडंवर घ्यायची लाज वाटायची गड्यास्नी. दिराचं पोर घ्यायचं कडंवर आन अंगनभर फिरवायचं. आन डोळं सारं आपल्या पोराकडं. मी चुलीपशी बसून रोज बगायची."

रांजण्यांनी डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकली आणि परत घातली. सर खाली बघत होते.

"आता नंबर संपले, हेरवाडकर," सबनीस बाई म्हणाल्या. "जा की."

सर क्षणभर थांबले. मग मधली वाट ओलांडून चार नंबरच्या ओळीत गेले आणि अर्ध्यावर जाऊन उभे राहिले. पाठीमागं बांधलेले हात सुटले. त्यांनी एका फुलाला खालून दोन बोटं लावली आणि लहान मुलाची हनुवटी वर करावी तसं ते हलकेच वर केलं. फूल मधाच्या रंगाचं होतं, कडेला जरा लालसर. हिवाळाभर मी त्याची लांबी-रुंदी मोजली होती आणि रंग आज पाहत होते. सरांचे ओठ हलल्यासारखे वाटले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग आमची चाहूल लागून त्यांनी मान न वळवताच म्हटलं, "बघताय काय सगळे? कामं नाहीत का?"

हौसाबाईंनी घोंगडी खांद्यावर टाकली, एका हातानं मला धरलं, दुसऱ्यानं द्रुपदाला, आणि आम्हाला दाराबाहेर काढलं. रांजणे आणि त्यांची माणसं पाठोपाठ आली. सबनीस बाई सगळ्यांत शेवटी बाहेर पडल्या आणि त्यांनी मागं दार ओढून घेतलं.

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. आम्ही सगळे कागदाच्या घराकडं पाठ करून उभे राहिलो, आणि बराच वेळ कुणीही वळून पाहिलं नाही.